सातबाराचं राज्य

"तुमचं लग्न झालं का?"

वर्षाराणीनं प्रश्न गेमच्या चॅटमध्ये टाकला आणि फोन उलटा करून बाकावर ठेवला. रिसोडजवळच्या मालेगावच्या एसटी स्टँडवर योगिनी आणि धम्मदीपा तोंडावर हात दाबून हसत होत्या. पैज त्यांचीच. विचारलं नाही तर आठवडाभर दोघींची दप्तरं हिनं वाहायची.

फोन थरथरला.

"झालं. म्हणूनच तं राज्य चालवता येते."

"घ्या! म्हातारा निंगाला," योगिनी म्हणाली.

"म्हातारा नाही व, मास्तर असन," धम्मदीपा म्हणाली. "मास्तरच असे तिरपे बोलते."

वर्षाराणीनं फोन दप्तरात टाकला. बस लागली होती.

गेम जुन्या काळातल्या साम्राज्यांचा होता. जमीन कसायची, कर बसवायचा, मिठाचा रस्ता राखायचा आणि उरलं त्यात सैन्य पोसायचं. वर्षाराणीच्या युतीत पन्नासेक राजे होते, बहुतेक अनोळखी. युतीचा खजिना ज्याच्याकडे होता त्या गड्याचं नाव सातबारा; लग्नाचा प्रश्न त्यालाच होता, युतीच्या सगळ्यांना दिसणाऱ्या चॅटमध्ये. खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. युतीत आणखी एक राजा होता, महाराजा उकंडराव. ते वर्षाराणीचे बाबा. त्यांच्याकडे हत्ती सगळ्यांत जास्त आणि धान्य सगळ्यांत कमी. दर आठवड्याला ते सातबाराकडे हात पसरायचे.

सातबारा धान्य द्यायचा, पण दोन शब्द सुनावून. "हत्ती कमी करा. सारं राज्य एकाच पिकाच्या भरवशावर ठेवू नका."

उकंडराव ऐकायचे. दिवाळीपर्यंत त्यांचं कोठार पहिल्यांदा काठोकाठ भरलं.

"काय डोक्स हाय लेकाचं!" ते ओसरीवर बसून मांडीवर थाप मारायचे. "असा माणूस भेटला तं डोळे झाकून वावर देईन त्याले."

हेच त्यांनी चॅटमध्येही लिहून टाकलं, पन्नास राजांच्या देखत.

वावर खरोखरच द्यायचं होतं. विहिरीजवळचा दोन एकरांचा मळा येत्या गुढीपाडव्यापासून वर्षभरासाठी ठोक्यानं, म्हणजे ठरलेल्या रकमेवर, कुणाला तरी लावून द्यायचं उकंडरावांनी ठरवलं होतं. वर्षाराणीच्या आईनं, प्रयागबाईनं, एकदाच बोलून पाहिलं होतं.

"अजी, थो मळा मले करू द्या. मी भाजी लावीन."

"पाणी देणं अलग आन् डोकं चालवणं अलग," उकंडराव म्हणाले होते.

ती पाणी द्यायला मळ्याकडे निघाली होती. मळ्यातली मोटार फोनवरून चालू व्हायची, म्हणून घरातला जुना, काच तडकलेला फोन तिच्याकडे होता. तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ती पाणी द्यायला जायची आणि घोट्यापर्यंत चिखल घेऊन परत यायची.

इकडे उकंडरावांनी सातबाराच्या दोन सवयी हेरल्या होत्या. पोळ्याच्या दिवशी त्यानं गेममधले सगळे नांगर उभे ठेवले होते. म्हणजे माणूस आपल्याच भागातला. दुसरं असं की खेळताना दर पंधरा-वीस मिनिटांनी तो "थांबा" एवढंच लिहून गायब व्हायचा.

"धंदेवाला हाय," उकंडरावांनी निकाल दिला. "गिऱ्हाईक आलं का उठते."

रविवारी दुपारी वर्षाराणी डबा घेऊन मळ्यात गेली. आई पलीकडच्या कोपऱ्यात वाफ्याचं पाणी फिरवत होती. वर्षाराणी बराच वेळ बांधावर, एकदा आईकडे आणि एकदा फोनमधल्या चॅटकडे पाहत उभी राहिली. मग डबा विहिरीच्या काठावर ठेवून, हाक न मारताच परत आली.

संध्याकाळी रिसोडचे उदयसिंग आले. त्यांची तिथे धान्याची अडत होती आणि मळा ठोक्यानं घ्यायला ते तयार होते. प्रयागबाईनं आत चहा ठेवला. उदयसिंग हात धुवायला उठले तसे उकंडराव लेकीच्या कानाशी वाकले.

"वर्षे, हाच थो! सातबारा!"

"कशावरून?"

"आपल्या भागातला. धंदा हाय. लगन झालेलं हाय. आन् वावरच मांगाले आला ना! मी चॅटमंधी बोललो थेच धरून आला."

"मंग विचारा त्याईले."

"तोंडानं थोडीच सांगन थो?"

"चॅटमंधी विचारा," वर्षाराणी म्हणाली. "यंदा या मळ्यात काय लावाचं म्हणा. पाहू काय सांगते."

ही गंमत उकंडरावांना पटली. उदयसिंग परत येऊन खाटेवर टेकेपर्यंत त्यांनी प्रश्न पाठवूनही टाकला होता. मिनिटभरात उत्तर आलं.

"कडेनं तूर. मधात मिरची. पाण्याच्या दांडाले कोथिंबीर. सोयाबीन अजिबात नाही."

उकंडरावांचा चेहरा फुलला. त्यांनी उदयसिंगच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"मंग भाऊ, दांडाले कोथिंबीर म्हणता!"

"कायची कोथिंबीर?" उदयसिंग दचकले. "मी तं साऱ्यात सोयाबीनच टाकीन बावा. एवढ्या कुटाण्याले टाईम कोणाले हाय?" आणि किती वाजले ते पाहायला त्यांनी खिशातून बटनांचा फोन काढला.

उकंडराव त्या फोनकडे पाहत राहिले. मग आपल्या फोनकडे.

वर्षाराणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, दोन्हीकडे ऐकू जाईल अशी.

"बाबा, मी ठरवलं. तुमी पन्नास जणांदेखत शब्द देल्ला, आता मळा सातबारालेच द्याचा," ती म्हणाली. "आन् आई, फोन ठेव आता, गॅस बंद कर. चहा उतू जाऊन राह्यला."