लाइलच्या हातची काडतुसं

रिकाम्या काडतुसांत घरच्या घरी दारू-गोळी भरायचं यंत्र घ्यायला अर्डिस माझ्या दुकानात आली. तिला सोडून दुसरं लग्न केलेला नवरा लाइल तिथेच उभा होता. आमच्या मोंटानात दुसऱ्याच्या हातचं काडतूस सहसा कुणी बंदुकीत घालत नाही. दरवर्षी नेमबाजीची ढाल जिंकणारा लाइल तर स्वतःच्या हातच्या काडतुसांची फुशारकी मारायचा.

"घटस्फोटात काडतुसं भरायचं टेबल मी नेलं, म्हणून नवं मांडतेस? बिस्किटं भाजण्याइतकं सोपं नाही ते," तो हसला.

"टेबलच नेलंस ना," अर्डिस म्हणाली आणि बंदुकीची दारू तोलायचा काटा पारखू लागली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी लाइल मागच्या दाराने आला. "विकतच्या काडतुसांचं एक खोकं दे. बोलू नकोस कुणाला."

 

कपाटाआडून अर्डिसचा आवाज आला, "का रे, नव्या बायकोला भरता येत नाहीत?"