वाचवायच्या फेऱ्या

घड्याळजींनी चांगली धडधाकट जुनी गाडी विकली आणि कमी पेट्रोल पिणारी नवीकोरी घेतली. पैसे कमी पडले, तेव्हा बायकोच्या दातांसाठी बाजूला ठेवलेले त्यात घातले. "अगं, ही गाडी किलोमीटरमागे पैसे वाचवते. त्यातूनच तुझे दात होतील," असं त्यांनी तिला छातीठोकपणे सांगितलं.

त्यांचं दुकान घराच्या खालीच असल्यामुळे गाडी महिनाभर दारात उभी राहिली. शेवटी बायकोने विचारलं, "अहो, वाचले का काही?"

"चालवल्याशिवाय वाचतील कसे?" घड्याळजी फणकारले, आणि आपल्याच बोलण्याने त्यांचे डोळे उघडले. जितकी चालवू, तितकी बचत!

त्या दिवसापासून दुकानाचं शटर पडलं, की बायकोला शेजारी बसवून ते नदीच्या पुलापर्यंत जायचे आणि वळून परत यायचे. काम काहीच नसायचं. पंपावर टाकी भरताना मात्र त्यांचा चेहरा असा फुलायचा, जणू पंपवालाच त्यांना पैसे मोजून देतोय. बायको गाल दाबून बसून असायची. सुरुवातीला ती पुटपुटायची, नंतर तिने तेही सोडलं.

एका संध्याकाळी पुलावरून परत येऊन ते गाडी दाराशी लावत होते, तेवढ्यात तिने त्यांचा हात धरला.

"अहो, आज अजून दोन फेऱ्या मारा ना. दाढ फार ठणकतेय."