लाखेचा जोड

इंद्रकुमारनं ताटाचे दोन तुकडे ओसरीच्या उन्हात धरले. ताटावरचे निळे मासे त्यानं मग पाहिले, आधी फुटलेली कड पाहिली. गोंदियात त्याची धानाची गिरणी होती, पण जीव सगळा जुन्या चिनी भांड्यांत. काचेच्या कपाटांत तीनशे भांडी मांडून ठेवलेली, आणि स्वतः चहा प्यायचा तो स्टीलच्या गिलासात. अशा माणसाला इथं कामठा गावात कोणी शहाणा म्हणत नव्हतं. पण चिनी मातीतलं त्याला कळायचं.

"दीडशे वर्षांचं तरी असेल, माताजी. चीनमधलंच. कलकत्त्याहून आलं असेल."

"माह्या सासऱ्याच्या बापानं आणलं," खाटेवरून रामबाई म्हणाली. ऐंशी वर्षांची, पण पेटीची किल्ली अजून कमरेला. "अन् हे आमची सून. बारावी पास! लग्नाच्या चवथ्या दिवशी धुवाले देल्लं, तं दोन तुकडे घेऊन आली. मंग म्या म्हटलं, जिच्या हातात ताट टिकत नाही तिनं पानावर जेवावं. तवापासून जेवून राहिली."

योगेश्वरी खांबाशी बसून पळसाच्या पानांची पत्रावळ टाचत होती. एकतीस वर्षं, रोज एक, आपल्यापुरती. घरात स्टीलची चोवीस ताटं होती, पोराच्या लग्नात आणखी बारा आली. किती पंगतींत रामबाईनं ही गोष्ट पाहुण्यांना भाजीसारखी वाढली असेल. आठ दिवसांपूर्वी आलेल्या नव्या सुनेला, दीप्तीला, तेवढी वाढायची राहिली होती. योगेश्वरीला हल्ली राग येत नसे. आपल्या हातातच खोट आहे, हे तिनं कधीचंच मानून टाकलं होतं. पोराला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हाही तिचे हात थरथरले होते.

"हे बाईंच्या हातून नाही फुटलं," इंद्रकुमार म्हणाला.

योगेश्वरीची काडी पानातच थांबली.

"हे पाहा, कडेला लालकाळं. लाख आहे ही. आधीच फुटलेलं कोणीतरी चिकटवलं होतं. काम मात्र सफाईचं, वरून पत्ता लागू नये असं. पण गरम पाणी लागलं की लाख सुटते. कोणीही धुतलं असतं तरी दोन तुकडेच हाती आले असते." त्यानं तुकडे खाटेवर ठेवले, हात रुमालाला पुसले. "फुटलेलं मी नेत नाही. विस्तवावर धरली तर लाख पुन्हा पकडेल. फक्त गरम पाण्यापासून जपा."

त्याची गाडी धूळ उडवत गेली.

ताट फुटलं त्या दिवशी उकळत्या पाण्याची बादली रामबाईनं स्वतः उचलून आणली होती. गार पाण्यानं तेलकट जात नाही, म्हणाली होती.

"आई, तुमाले मालूम होतं?"

"मालूम काऊन नसन? माह्याच हातून पडलं होतं. सासू जिती होती तवा माही. रातोरात नाही, चार दिवस बसून चिकटवलं म्या."

"मंग मले काऊन?"

रामबाईनं अडकित्त्यात सुपारी धरली. "तू आली तं मान अशी ताठ! माह्यासमोर पेपर वाचत बसे. मले तं सही करता येत नाही. तुही मान वाकवाले काही पायजे होतं ना, बाप्पा." सुपारी कटकन तुटली. "वाकली. घर चाललं. काय वाईट झालं तुहं?"

योगेश्वरी उठली. तिनं दोन्ही तुकडे उचलले. म्हातारीचा अडकित्ता पहिल्यांदाच थांबला.

"फोडतं काय आता?"

योगेश्वरी सैपाकघरात गेली. गॅस पेटवला. एक कड जाळावर धरली, मग दुसरी. लाखेचा जळका वास ओसरीपर्यंत आला. तिनं माशाला मासा भिडवला आणि दाबून धरला. हात जरासुद्धा थरथरला नाही. बाहेर आलेली लाख फडक्यानं पुसली आणि ताट ओसरीवर आणलं.

रामबाईनं ताट पाहिलं. सुनेचं तोंड पाहिलं. मग दात नसलेल्या तोंडानं हसली, कमरेची किल्ली सोडली आणि खाटेच्या कडेला ठेवली.

"घे. आता तुह्यापाशी राहू दे."

साडेपाचला दीप्ती गोंदियाच्या बँकेतून आली. स्कुटी लावून, हेल्मेट हातात घेऊन, हसतच ओसरी चढली. मान वर.

"आई, आज बँकेत काय मजा झाली सांगू—"

"पहिले हे धुऊन आन, बेटा." योगेश्वरीनं दोन्ही हातांनी ताट पुढे केलं. "जुनं आहे, सांभाळून. न्हाणीत गरम पाण्याची बादली भरून ठेवली आहे."

"किती सुंदर मासे आहेत, आई!"

दीप्ती आत गेली. दुपारची पत्रावळ खांबाशी अर्धीच पडली होती. आत पाणी ओतल्याचा आवाज आला, तशी योगेश्वरीनं ती मांडीवर ओढली आणि पुढचं पान जोडलं.