माणूस ओळखणारं दार

चेहरा ओळखून उघडणारं दार अमेरिकेतल्या ओकलंडच्या शाळांना विकायचं होतं. प्रात्यक्षिकाला कंपनीने व्हर्नेलला उभं केलं, कारण आमच्यात काळे अभियंते दोनच आणि मी फोटोत हसत नाही. दाराला काळे चेहरे दिसत नाहीत, या तिच्या तक्रारीवर उत्तर आलेलं: ‘वापरणाऱ्याने उजेडात उभे राहावे.’ सोबत एक बॅटरी. शाळांचे पाहुणे काचेमागे जमले. व्हर्नेलसमोर दार ढिम्म हललं नाही. “बॅटरी मार ना तोंडावर!” साहेब आतून ओरडले. “ताई, मागच्या दाराला साधी किल्ली आहे,” काळा रखवालदार कुजबुजला. “मी तिथूनच येतो.” “माझी आजीही तिथूनच जायची, दादा. पुरे.” तिने बॅटरी कचऱ्यात टाकली आणि साहेबांच्या फोटोची निमंत्रणपत्रिका कॅमेऱ्यासमोर धरली. दार लगबगीने उघडलं. “तुम्ही पुढे व्हा, साहेब,” म्हणत तिने पत्रिका आत भिरकावली आणि स्वतः उंबऱ्याबाहेरच राहिली.