शेवटचा पिंजरा
तस्करांकडून जप्त केलेले लोरीकीट पोपट आज आपापल्या बेटांवर परतणार होते. शेवटचा पिंजरा रिकामा झाला की म्हातारा रखवालदार लेकीकडे कायमचा राहायला जाणार होता. पण त्या पिंजऱ्यातल्या एकुलत्या पोपटापाशीच तपासनीस बाई अडखळल्या. "डोक्याचा रंग एका जातीचा, छातीचा दुसरीचा. हा संकर आहे. याला नाही सोडता येणार." "बाई, कुठलंही बेट लिहा ना. कोणाला काय कळतंय?" "अहो, तिथल्या पोपटांत मिसळला तर त्यांची मूळ जातच बिघडेल."  पोपट रखवालदाराच्या बोटावरचा मध चाटत होता. दुसऱ्या कोणाच्या हातचं थेंबभरही घेत नसे. रखवालदारानं लेकीला फोन लावला. "बाबा, खोली तयार आहे. कधी निघताय?" "इतक्यात नाही गं जमायचं. एक पोपट मागे राहिलाय." "मग त्याचं आटोपल्यावर?" रखवालदारानं पुन्हा बोट मधात बुडवलं. "पंचवीस वर्षं जगतात गं हे."