सुती चालत नाही

"सुती चालत नाही इथं, नायलॉन घाला," खिडकीतली बाई मान वर न करता म्हणाली आणि तिने एक निळी अर्धी चड्डी अन् बिनबाह्यांचं पोलकं गोदाबाईपुढे सरकवलं.

गोदाबाईला क्षणभर कळेचना, ही आपल्याशीच बोलते आहे का. साठी उलटलेली बाई, दिवाळीचं नवंकोरं सुती लुगडं नेसून आलेली, आणि तिला म्हणे चड्डी घाला! पाण्यात डुंबायची हौस तिला नव्हतीच. नात आकांक्षा पाण्याला भ्यायची. "आजीनं हात धरला तरच उतरीन," म्हणून पोरगी अडून बसली, तेव्हा कुठे ती वलगावचं घर सोडून या अकोला रोडवरच्या वॉटर पार्कात आली होती.

"काहून चालत नाही? सुताले काय रोग झाला?"

"सूत सुटते पाण्यात. मशिनीत अडकते."

आवाज ओळखीचा वाटला. गोदाबाईने वाकून टोपीखाली पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. साडीवर पार्काचा पिवळा टी-शर्ट चढवला होता, पण बाई तीच. वलगावची तानुबाई! आठ दिवसांपूर्वी हिनेच निरोप धाडला होता की कंबर धरली, यंदा कापूस वेचाले येणं होत नाही. तिच्यामागे कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या चौघीही गावातल्याच निघाल्या. दर दिवाळीला याच पाच जणी गोदाबाईच्या वावरात वेचायला असत.

"काय वं तानु? तुयी कंबर धरली होती न?"

तानुबाईने टोपी आणखी खाली ओढली.

"वावरात पऱ्हाटी पांढरीफट फुटून पडली हाय. वेचाले एक बाई भेटत नाही मले! साऱ्या गावात दारोदार फिरली मी, पाया पडाचं तेवढं बाकी ठेवलं. अन् तुमी इथं चड्ड्या वाटून राहिल्या?"

"चला ना आजी, रांग खोळंबली," मागून कोणीतरी म्हणालं. गोदाबाईने वळून असं पाहिलं की तो माणूस गपगुमान दोन पावलं मागे सरला.

"खोटं बोलली मी, चुकलं माहं," तानुबाई हळूच म्हणाली. "पण काकू, तुमचा वेचा दोन महिन्याचा. बाकीचे दहा महिने लेकरायच्या ताटात काय वाढू? हे काम बारमाही हाय. डोक्यावर सावली हाय."

हे ऐकून गोदाबाई आणखीच भडकली. काही तरी सणसणीत बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, तोच खिडकीवरचं ऊन गेलं.

सकाळपासून आभाळाचा हाच चाळा चालला होता. घटकाभर कडक ऊन, की लगेच सावट. पोरांना त्याची गंमत वाटत होती. गोदाबाईचा मात्र दर सावटासरशी जीव खालीवर होत होता. फुटल्या बोंडावर पाणी पडलं की कापूस पिवळा पडतो, जागच्या जागी कुजतो, मग त्याला कुत्रंही विचारत नाही. आणि या वेळचा ढग काळाकुट्ट होता, तोही वलगावच्या अंगाला.

मुलगा अंकुर फोन घेऊन धावतच आला. "माय, बाबाचा हाय."

तिचा नवरा चंद्रभान वावरातून ओरडत होता. "बाया कुठं भेटतात तं पाह्य! कोणीबी आण. आभाळ खाली आलं वं, मी एकटा किती वेचू?"

गोदाबाईने फोन अंकुरच्या हातात कोंबला. राग गिळायला तिला फार जड गेलं, पण तिने तो गिळला.

"तानु, झालं ते झालं. चल. तुमी पाची जणी चला. बाहेर जीप उभी हाय, तासाभरात वावरात पोचतो. जेवढं वाचलं तेवढं वाचलं. चल व माय."

तानुबाईने पहिल्यांदाच मान वर केली. तिने आभाळाकडे पाहिलं. टोपी काढून खिडकीत ठेवली आणि ती स्टुलावरून उठली. मागच्या चौघींचेही हात थांबले.

तेवढ्यात टपोरे थेंब पत्र्यावर वाजले. शिट्ट्या झाल्या, माणसं पाण्यातून बाहेर पळू लागली आणि वरच्या भोंग्यातून मॅनेजर ओरडला, "काउंटरच्या बायांनी तारांवरचे कपडे काढून घ्या! लवकर! एकही भिजता कामा नये!"

तानुबाई गोदाबाईकडे पाहत अर्धा क्षण उभी राहिली. मग तिने टी-शर्टाखालून पदर ओढला, कमरेला ओटी बांधली आणि धावली. तिच्यामागे चौघी धावल्या.

कुंपणाच्या कडेने तारांवर शेकड्याने चड्ड्या अन् पोलकी वाळत होती. पाची जणी त्यांवर तुटून पडल्या. दोन्ही हात एकदम चालत होते, तारेवरून थेट ओटीत, एक चिंधी खाली पडत नव्हती. असे हात अख्ख्या वलगावात दुसऱ्या कोणाचे नव्हते. वीस वर्षं गोदाबाईने ते आपल्या वावरात पाहिले होते.

आकांक्षा रडवेली होऊन आजीचं लुगडं ओढत होती. गोदाबाई धो धो पावसात कुंपणापर्यंत गेली आणि घसा फोडून ओरडली, "अवं तानु, नायलॉन हाय वं ते! पाण्यातच घालाचं हाय! त्याले काय होते भिजून?"

तानुबाईने ऐकलं. तिची ओटी भरली होती. ती तिने टोपल्यात रिकामी केली आणि पावसाचं पाणी डोळ्यांवरून निपटत पुढच्या तारेला लागली.