जळका झटकासिंग

"जळका आहे हा," वसंतराव म्हणाले आणि त्यांनी अपेक्षाचा झटकासिंग टेबलाखालच्या खोक्यात टाकायला उचलला.

अपेक्षाने तो त्यांच्या हातातूनच परत घेतला. तिचं तिलाच नवल वाटलं. मागच्या वर्षीपर्यंत ती वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. यंदा नववीत तिने गॅदरिंगचं निवेदन केलं आणि तेव्हापासून तिचा आवाज काही खाली बसायला तयार नव्हता.

"जळका नाही, सर. माझ्या आत्याने बनवलाय."

नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्या हॉलमध्ये वसंतरावांनी जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन भरवलं होतं. झटकासिंग म्हणजे वीतभर उंचीचा प्लास्टिकचा वीर. पस्तीस वर्षांपूर्वी हिंगणा रोडवरच्या एका कारखान्यात बनायचा. कारखाना केव्हाच बंद पडला. वसंतराव मात्र वीस वर्षांपासून झटकासिंग गोळा करत होते. त्याचा शर्ट कधी लाल, कधी निळा, कधी हिरवा, आणि प्रत्येक रंगाचं कारण त्यांना तोंडपाठ. शर्ट कोणताही असो, चेहरा आणि हात नेहमी एकच: पावडर थापल्यासारखे गुलाबी. अपेक्षाच्या झटकासिंगचा चेहरा आणि हात तपकिरी होते.

वसंतरावांचा नियम साधा होता. कारखान्याने जाणूनबुजून काढलेला रंग मधल्या टेबलावर, बिघडलेला माल खोक्यात. अपेक्षाला मधलं टेबल हवं होतं. नववी ब च्या निम्म्या वर्गाला तिने तसं सांगूनही टाकलं होतं. तिची मैत्रीण खुशी तर खास ते बघायला वाडीहून सोबत आली होती, आणि तिचा मोबाइल चालू होता.

वसंतराव माणूस चांगला. त्यांनी खोक्यातून आणखी तीन झटकासिंग काढले. "हे बघ बेटा. तिन्ही तपकिरी, पण एकाचा रंग दुसऱ्यासारखा नाही. मुद्दाम केले असते तर सारखे निघाले असते. मशीनमध्ये प्लास्टिक जास्त वेळ तापलं की असं होतं. कमी तापलं तर फिका, जास्त तापलं तर गडद."

मुद्दा बरोबर होता. खुशीने मोबाइल खाली केला.

"जाऊ दे वं," ती म्हणाली. "खोक्यासोबत फोटो काढू तुझा."

तेव्हा दाराजवळ कूलरपुढे बसलेली मीराआत्या उठली. त्या कारखान्यात तिने सात वर्षं मशीन चालवली होती. तिने अपेक्षाच्या हातातला झटकासिंग घेतला आणि सरळ फरशीवर आपटला. अख्खा हॉल वळून बघायला लागला. झटकासिंग दोनदा उसळला आणि हातपाय शाबूत ठेवून खुर्चीखाली गेला.

"जळलेलं प्लास्टिक पापडावानी मोडते, साहेब," आत्या म्हणाली. "आता तुमचा टाका."

वीस वर्षांत वसंतरावांनी एकही खेळणं खाली पडू दिलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि हातातला झटकासिंग सोडला. उसळला. मग दुसरा टाकला. तिसऱ्या वेळेपर्यंत ते स्वतःच हसत हसत खुर्च्यांखाली शोधत होते.

"मग हा रंग आला कुठून?"

"घोड्याचा आहे."

"घोड्याचा?"

"ह्याचा घोडा शेजारच्या मशीनवर निघे. एक दिवस सुपरवायझर डबा खायले बसला, अन् मी घोड्याच्या प्लास्टिकचे तपकिरी दाणे मुठीनं आणून ह्याच्या मशीनीत टाकले."

"चुकून?"

"चुकून काहून? सापडली असती तं नोकरी गेली असती माही." आत्याने अपेक्षाकडे बोट केलं. "हिचा बाप तवा चार वर्षांचा होता. मी त्याच्यासाठी झटकासिंग नेला तं त्यानं आपला हात ह्याच्या हाताले लावून पाहिला. म्हणे, ताई, हा आपल्याकडचा नाही. अन् परत दिला मले."

अपेक्षाने हे कधीच ऐकलं नव्हतं. बाबांनी एवढंच सांगितलं होतं, जपून ने, माझा आहे.

वसंतरावांनी चारही झटकासिंग टेबलाच्या कडेला ओळीने ठेवले. "मग हे चारही वेगळे काहून?" त्यांची शुद्ध भाषा एव्हाना नागपूरला परत आली होती.

आत्या एकेकावर बोट ठेवत गेली. "हा प्रेमानंदचा, हिच्या बापाचा. हा मेघाचा. हा रुपरावच्या पोराचा, दिवसभर उन्हातच राहे तो. अन् हा दुर्गेशचा, तो आईवर गेला होता. लेकरं कुठं एका रंगाची असतात, साहेब? एकेक मूठ वाढवत गेली. मले गल्लीतल्या सगळ्यायचे रंग पाठ होते."

"म्हणजे जाणूनबुजून काढलेला रंग, सर," अपेक्षा म्हणाली. "तुमचाच नियम."

"नियम कारखान्याचा आहे, बेटा. कारखान्याने कुठे..."

"मशीनवर कोण होतं, सर?"

वसंतरावांनी मधल्या टेबलावरचे लाल, निळे, हिरवे दोन्हीकडे सरकवले आणि मोकळ्या जागेत ते चौघे उभे केले. खुशीचा मोबाइल पुन्हा वर आला. वसंतरावांनी एक कोरं कार्ड घेतलं, त्यावर मीराबाईंचं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं.

"असे रंग एकूण किती लिहू, ताई?"

"गल्लीत लेकरं अकरा होती," आत्या म्हणाली. "बारा लिहा. कोणाकडे पाहुण्याचं लेकरू आलं तं, म्हणून एक वरतून काढला होता."